जखमेवरची चांदी

संशोधक : प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर नॅनोकण वापरण्याची कल्पना एका साध्या निरीक्षणातून आली आहे. बहुतेक प्रतिजैविके जिवाणूच्या एखाद्याच ठरावीक जागी घाव घालतात. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे पेशीभित्तिका बांधणारी विकरे निकामी करतात, सिप्रोफ्लॉक्सासिन डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या विकराला अडवते, स्ट्रेप्टोमायसिन प्रथिने तयार करणाऱ्या रायबोसोमला चिकटते. घावाची जागा एकच असल्यामुळे सुटकेची वाटही सोपी असते. जिवाणू ती जागा थोडी बदलतो, औषध फोडणारे विकर तयार करतो किंवा आत शिरलेले औषध पंपासारख्या प्रथिनांनी बाहेर फेकतो. चांदीचा कण मात्र एकाच वेळी अनेक ठिकाणी इजा करतो. त्यातून सुटणारे चांदीचे आयन विकरांमधल्या गंधकयुक्त गटांना धरतात, पेशीपटल गळके करतात, श्वसनाची साखळी तोडतात, डीएनएलाही बिलगतात. या गडबडीत पेशीत ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात आणि तीही तिला आतून पोळतात. एवढ्या जागा एकदम बदलणे जिवाणूला अवघड जाते.

कण बारीक करण्यामागे हिशेब आहे. एक घन सेंटिमीटर चांदीच्या ठोकळ्याचे पृष्ठफळ अवघे सहा चौरस सेंटिमीटर असते. त्याच ठोकळ्याचे दहा नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर एकूण पृष्ठफळ 600 चौरस मीटर, म्हणजे जवळपास साडेसहा हजार चौरस फूट भरते. आयन सुटतात ते पृष्ठभागावरूनच. ई. कोलाय हा जिवाणू साधारण दोन हजार नॅनोमीटर लांब असतो. त्याच्या अंगावर असे शेकडो कण सहज बसतात.

चिकित्सक : चांदी वैद्यकाला नवी नाही, आणि तिला जिवाणू सरावत नाहीत हेही खरे नाही. जर्मन प्रसूतितज्ज्ञ क्रेडे यांनी 1880च्या सुमारास नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला सुरुवात केली. 1965 मध्ये अमेरिकेत मोयर यांनी भाजलेल्या जखमांसाठी 0.5 टक्क्यांच्या द्रावणात भिजवलेल्या पट्ट्या वापरल्या आणि 1968 मध्ये फॉक्स यांचे सिल्व्हर सल्फाडायझिन मलम आले. त्यानंतर थोड्याच वर्षांत जे घडले ते या चर्चेत सर्वांत आधी ठेवायला हवे. 1975 मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या भाजलेल्यांच्या कक्षात सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणारा साल्मोनेला सापडल्याचे प्रसिद्ध झाले. तोच जिवाणू अँपिसिलिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल यांनाही दाद देत नव्हता. रुग्ण दगावले. पुढे 1999 मध्ये अमित गुप्ता आणि सायमन सिल्व्हर यांच्या गटाने त्या जिवाणूच्या प्लाझ्मिडवरची चांदीरोधक जनुके उलगडली. 'सिल' नावाने ओळखली जाणारी ही जनुके चांदीला धरून ठेवणारी आणि बाहेर ढकलणारी प्रथिने बनवतात. प्लाझ्मिड हा डीएनएचा सुटा तुकडा असतो आणि तो एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातो. चांदीला विरोध आणि प्रतिजैविकाला विरोध एकाच तुकड्यावर असतील, तर चांदीच्या वापराने दोन्ही वाढतात. अनेक ठिकाणी घाव बसतो म्हणून प्रतिरोध येणार नाही, हा युक्तिवाद त्या कक्षातच मोडला आहे.

संशोधक : तो साल्मोनेला आयनांना सरावला होता, नॅनोकणांना नव्हे, असे म्हणून हा आक्षेप टाळता येणार नाही, कारण कणांविरुद्धही जिवाणूंनी वाट काढलेली आहे. चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स इथल्या संशोधकांनी 2018 मध्ये ती दाखवली. चांदीच्या कणांच्या सान्निध्यात ई. कोलाय आणि स्यूडोमोनास पुन:पुन्हा वाढवले, तेव्हा ते फ्लॅजेलिन हे प्रथिन जास्त प्रमाणात सोडू लागले. या चिकट प्रथिनामुळे कणांचे गठ्ठे झाले आणि त्यांचा प्रभाव ओसरला. जनुकांत बदल न होताच हे घडले. पण त्याच प्रयोगात उपायही सापडला. डाळिंबाच्या सालीच्या अर्काने फ्लॅजेलिनची निर्मिती रोखली आणि कण पुन्हा प्रभावी ठरले. सांगोल्याच्या डाळिंब बागायतदाराने या शोधाची नोंद घ्यायला हरकत नाही. प्रतिजैविकाचा रेणू एकदा ठरला की ठरला. नॅनोकणाचा आकार, आकारमान, त्यावरचे आवरण आणि त्याचा जोडीदार मात्र बदलता येतो.

महाराष्ट्रात या दिशेने झालेले काम दुय्यम दर्जाचे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने 2001च्या सुमारास बुरशीकडून आणि पुढे वनस्पतींच्या अर्काकडून चांदी-सोन्याचे नॅनोकण तयार करून घेतले. अमरावती विद्यापीठातले महेंद्र राय आणि त्यांचे सहकारी यांनी 2009 मध्ये चांदीच्या नॅनोकणांचा नव्या पिढीचे जंतुनाशक म्हणून घेतलेला आढावा जगभरचे संशोधक आजही उद्धृत करतात. बाळू चोपडे यांच्या पुणे विद्यापीठातल्या गटाने 2012 मध्ये कडू करांद्याच्या अर्कातून कण बनवले आणि ते प्रतिजैविकांच्या जोडीने तपासले. यातली सर्वांत व्यवहारी वाट आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकनीकर यांच्या गटाने धरली. त्यांनी चांदीच्या नॅनोकणांचे जेल तयार केले आणि 2009 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नेहमीच्या सिल्व्हर सल्फाडायझिन मलमाइतका जंतुनाशक परिणाम या जेलने तीसपट कमी चांदीत साधला. उंदरांच्या कातडीवर केलेल्या तपासणीत ते सुरक्षित ठरले.

चिकित्सक : त्याच निबंधातली दुसरी ओळही वाचायला हवी. ते कण सेफ्टाझिडीमबरोबर दिले तर दोघांचा परिणाम वाढला, स्ट्रेप्टोमायसिन आणि कॅनामायसिनबरोबर नुसती बेरीज झाली, आणि क्लोरॅम्फेनिकॉलबरोबर ते एकमेकांच्या विरोधात गेले. त्या गटाने ते प्रामाणिकपणे नोंदवले, हे त्या कामाचे मोठेपण. म्हणजे 'चांदी अधिक प्रतिजैविक' हे सरसकट सूत्र नाही. प्रत्येक जोडी वेगळी तपासावी लागते.

अडचण आहे ती इतर शेकडो निबंधांची. त्यांची कृती ठरलेली आहे. लिटरभर पाण्यात 170 मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट विरघळवायचे, त्यात तुळस, कडुनिंब, पेरू, जे हाताशी असेल त्या पानांचा अर्क ओतायचा. काही वेळात फिकट द्रावण पिवळे, मग तपकिरी होते. वर्णपटमापीवर 400 ते 450 नॅनोमीटरच्या दरम्यान उंचवटा दिसला की कण तयार झाले असे म्हणायचे. मग म्यूलर-हिंटन अगारच्या थाळीवर जिवाणू पसरायचा, कणांत भिजवलेली कागदाची चकती ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवतीचे स्वच्छ वर्तुळ पट्टीने मोजायचे. वर्तुळ मिळतेच, कारण चांदी जिवाणू मारते हे आधीच माहीत आहे. पण पानाचा अर्क ऋतूनुसार बदलतो, कणांवरचे आवरण बदलते, शिल्लक राहिलेले नायट्रेट किती हे क्वचितच मोजले जाते. मारले कोणी, कणाने की उरलेल्या आयनाने, हे त्या वर्तुळावरून कळत नाही. राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये हा प्रश्न नीट सोडवला. त्यांनी ऑक्सिजन पूर्ण काढून टाकला, म्हणजे कणांतून आयन सुटणे बंद झाले, आणि कणांचा मारकपणाही नाहीसा झाला. कण हे आयनांचे कोठार आहे, त्याच्यात वेगळी जादू नाही.

संशोधक : कोठार असणे हेच त्याचे मोल आहे. सिल्व्हर नायट्रेटच्या पट्टीतले आयन जखमेतल्या क्लोराइडला आणि प्रथिनांना मिळून लगेच संपतात, म्हणून पट्टी दिवसातून अनेकदा भिजवावी लागत असे आणि रुग्णाच्या अंगातले क्षारही त्यात ओढले जात. कणांतून आयन हळूहळू सुटतात. भाजलेल्या जखमेला नेमके तेच हवे असते.

रायपूरकरांना हा विषय दूरचा वाटायचे कारण नाही. सिलतरा आणि उरला इथल्या औद्योगिक पट्ट्यात स्पंज आयर्नचे आणि पोलादाचे कारखाने आहेत. वितळलेल्या धातूने, वाफेने, भट्टीच्या झळीने भाजलेले कामगार शहराच्या रुग्णालयांत येतात. भोवतालच्या गावांतून चुलीवर, रॉकेलने भाजलेल्या बायका येतात. खोल भाजलेल्या भागातल्या रक्तवाहिन्या गोठलेल्या असतात, त्यामुळे शिरेतून दिलेले प्रतिजैविक त्या मेलेल्या कातडीपर्यंत पोचतच नाही. तिथे ओलावा असतो, प्रथिने असतात, ऊब असते आणि जिवाणूला आणखी काही लागत नाही. वरून लावायचे चांगले औषध ही अशा वेळी गरज असते.

चिकित्सक : जखमेचे वर्णन अचूक आहे, म्हणून तिथूनच पुढे जाऊ. पांढरे सिल्व्हर सल्फाडायझिन मलम लावले की दुसऱ्या दिवशी त्याचा जखमेतल्या स्रावाशी मिळून करडा-पिवळा साका तयार होतो. पुन्हा मलम लावण्याआधी तो खरवडून काढावा लागतो. कोवळी, नव्याने धरणारी कातडीही त्याबरोबर निघते आणि ड्रेसिंगची वेळ झाली की रुग्ण भिंतीकडे तोंड करतो. जिवाणू मरणे आणि जखम भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे दिसते. कॉक्रेन संस्थेने 2010 मध्ये जखमेचा संसर्ग टाळण्यासाठी चांदी वापरलेल्या 26 चाचण्यांचा आढावा घेतला. चांदीच्या पट्ट्यांनी किंवा मलमांनी संसर्ग टळतो किंवा जखम लवकर भरते, असे म्हणण्याइतका पुरावा त्यातून मिळाला नाही. थाळीवरचे वर्तुळ आणि ही जखम यांच्यामध्ये मोठे अंतर आहे. थाळीत जिवाणू मोकळा असतो. जखमेत तो स्वत:भोवती चिकट थर, बायोफिल्म, बांधून बसतो. थाळीत मानवी पेशी नसतात. जखमेत त्वचा भरून काढणाऱ्या पेशी असतात आणि चांदी त्यांनाही इजा करते.

जखमेपेक्षा अवघड प्रश्न शरीराच्या आतल्या संसर्गाचा आहे. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या फुप्फुसात अॅसिनेटोबॅक्टर हा जिवाणू असतो, तिथे जेल लावता येत नाही. धातूचा कण शिरेतून दिला तर रक्तातली प्रथिने त्याला लगेच लपेटतात, आणि यकृत व प्लीहा त्याला उचलून साठवून ठेवतात. धातू पचत नाही, सहज बाहेरही पडत नाही.

संशोधक : शिरेतून धातू द्यावा असा दावा जबाबदार माणूस करणार नाही. पण नॅनोकण म्हणजे फक्त चांदी नव्हे. स्निग्ध पदार्थांची सूक्ष्म पिशवी, लिपोसोम, हाही नॅनोकणच आणि तो वैद्यकात रुळलेला आहे. 2021 मध्ये काळ्या बुरशीचा उद्रेक झाला तेव्हा ज्या लिपोसोमल अँफोटेरिसिन-बीसाठी रायपूरपासून पुण्यापर्यंत नातेवाईक दारोदार फिरले, ते नॅनो-औषधच होते. साधे अँफोटेरिसिन मूत्रपिंड बिघडवते. पिशवीत भरल्यावर तो त्रास बराच कमी होतो. जिवाणूंच्या बाबतीतही उदाहरण आहे. लिपोसोममध्ये भरलेले अॅमिकासिन वाफेवाटे फुप्फुसात देण्यास अमेरिकेने 2018 मध्ये मान्यता दिली. नेहमीच्या उपचारांना न जुमानणाऱ्या, क्षयाच्या जंतूच्या भाऊबंद असलेल्या मायकोबॅक्टेरियासाठी ते वापरतात. हे जंतू फुप्फुसातल्या भक्षक पेशींच्या आत लपतात. त्या पेशी लिपोसोम गिळतात आणि औषध नेमके शत्रूच्या बिळात पोचते. इथे जिवाणू मारणारा रेणू जुनाच आहे, नवी आहे ती पोचवण्याची रीत.

चांदीलाही मदतनीस म्हणून पाहिले तर चित्र बदलते. बोस्टनमध्ये जेम्स कॉलिन्स यांच्या गटाने 2013 मध्ये दाखवले की थोड्या चांदीने ग्राम-ऋण जिवाणूंचे बाह्यपटल सैल होते. व्हँकोमायसिन एरवी त्या पटलातून आत जाऊच शकत नाही; चांदीच्या जोडीने ते आत शिरले. कपाटात पडून असलेले औषध पुन्हा उपयोगी पडू शकते, ही शक्यता लहान नाही. नवी प्रतिजैविके फार थोडी येत आहेत. 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12.7 लाख मृत्यू थेट प्रतिरोधक जिवाणूंमुळे झाल्याचा अंदाज 'लॅन्सेट'ने 2022 मध्ये प्रसिद्ध केला. आयसीएमआरच्या अलीकडच्या अहवालांत रुग्णालयांमधल्या अॅसिनेटोबॅक्टरच्या दर दहा नमुन्यांपैकी साधारण नऊ कार्बापेनेम या प्रतिजैविक गटाला दाद देत नाहीत. ज्या रुग्णासाठी कोलिस्टिन या अखेरच्या प्रतिजैविकाखेरीज काही उरलेले नाही, त्याच्या बाबतीत 'आणखी पुरावा येईपर्यंत थांबा' याचा अर्थ काय होतो?

चिकित्सक : लिपोसोमचे उदाहरण मान्य. ते टिकले ते मोजमापामुळे. किती आकाराची पिशवी, तिच्यात किती औषध, किती वेळात किती सुटते, हे सगळे ठरलेले आणि प्रत्येक खेपेत तपासलेले असते. भारतातही 2019 मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे आली. त्या चाळणीतून गेलेल्या औषधाला विरोध नाही. फक्त एवढे लक्षात ठेवावे की पिशवीने औषध महाग होते, आणि 2021 मध्ये ते मिळाले नाही म्हणूनच माणसे दारोदार फिरली.

खरी धास्ती आहे ती या चाळणीबाहेरच्या चांदीची. मोजे, बनियन, फ्रिज, वॉशिंग मशीन, पाण्याचे फिल्टर, जखमेचे फवारे, सगळीकडे 'नॅनो सिल्व्हर' लिहिलेले असते. ती धुऊन नाल्यात जाते, नाला खारून नदीला मिळतो. सांडपाण्यात जिवाणूंची दाटी असते, प्रतिजैविकांचे अवशेषही असतात. तिथे अल्प मात्रेतली चांदी सतत राहिली तर मरतात ते साधे जिवाणू, आणि ज्यांच्या प्लाझ्मिडवर 'सिल'बरोबर प्रतिजैविकविरोधी जनुके आहेत ते उरतात. प्रतिजैविकांच्या बाबतीत हेच घडले. चिठ्ठीशिवाय विक्री, झोलाछाप डॉक्टरांची सुई, अर्धवट सोडलेला कोर्स, कोंबड्यांच्या खाद्यात मिसळलेले कोलिस्टिन. कोलिस्टिनवर जनावरांच्या खाद्यासाठी बंदी आली 2019 मध्ये, तोवर उशीर झाला होता. चांदीच्या बाबतीत कोणती बंदी आहे?

संशोधक : बंदी सरसकट आणली तर नुकसान होईल. 2009 मध्ये बाजारात आलेला टाटा स्वच्छ हा फिल्टर भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवून बनवला होता. त्याला वीज लागत नव्हती, नळाचे पाणीही लागत नव्हते, आणि किंमत हजार रुपयांच्या आत होती. छत्तीसगडसारख्या धानाच्या प्रदेशात, जिथे राइस मिलबाहेर तुसाचे डोंगर उभे राहतात, ही कल्पना किती जवळची आहे! पिण्याचे पाणी स्वच्छ झाले की हगवण कमी होते, हगवण कमी झाली की प्रतिजैविकांच्या गोळ्या कमी खाल्ल्या जातात. चांदीच्या त्या वापराने प्रतिरोध वाढतो की घटतो, याचे उत्तर दोन्ही बाजू मोजूनच द्यावे लागेल.

नॅनोकणांचा आणखी एक उपयोग रायपूरमध्येच विकसित होतो आहे. पं. रविशंकर शुक्ल विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात चांदी-सोन्याच्या नॅनोकणांचा रंग बदलतो या गुणाचा वापर करून पाण्यातले विषारी धातू आणि कीटकनाशकांचे अवशेष ओळखण्याच्या सोप्या पद्धती तयार झाल्या आहेत. कण सुटे असले की एक रंग, गठ्ठा झाला की दुसरा. हीच रीत जिवाणू ओळखायला वापरता येते, आणि जगभर तसे प्रयत्न चालू आहेत. ताप आलेल्या रुग्णाला कोणता जिवाणू आहे हे तासाभरात कळले, तर डॉक्टर अंदाजाने मोठे प्रतिजैविक लिहिणार नाही.

चिकित्सक : या वापराला आक्षेप नाही, उलट पैसा आधी तिथे जावा. आज कल्चर रिपोर्ट हातात यायला दोन ते तीन दिवस लागतात. गंभीर रुग्णाच्या बाबतीत तेवढे थांबता येत नाही, म्हणून सर्वांत ताकदीचे औषध सुरू होते आणि रिपोर्ट आल्यावरही अनेकदा तेच चालू राहते. ओळखणारा कण शरीरात जात नाही, नाल्यात जात नाही, प्रतिरोधही वाढवत नाही. मारणाऱ्या कणाच्या मानाने तो कमी आकर्षक वाटतो, पण रुग्णाचे हित त्याने आधी साधेल.

मारणारा कण वापरायचाच असेल तर तीन अटी आहेत. तो जखमेपुरता आणि रुग्णालयापुरता राहावा. ज्या कक्षात तो वापरला जाईल तिथल्या जिवाणूंमध्ये 'सिल' जनुके आहेत का, हे ठरावीक मुदतीने तपासले जावे. आणि त्याची तुलना थाळीवरच्या कोऱ्या चकतीशी न करता आज मिळणाऱ्या सर्वोत्तम ड्रेसिंगशी, माणसांवर, जखम भरायला किती दिवस लागले या मोजपट्टीवर व्हावी.

संशोधक : दुसरी आणि तिसरी अट विनातक्रार मान्य. पहिलीबाबत मतभेद राहतो. चांदी रुग्णालयात कोंडली तर बोस्टनसारखीच स्थिती होईल, म्हणजे सर्वांत कणखर जिवाणू आणि सर्वांत जास्त चांदी एकाच खोलीत. पाणी शुद्ध करणारी चांदी आणि मोज्यांतली चांदी यांना एकाच तागडीत घालणेही योग्य नाही. पहिलीने रोग टळतो, दुसरीने फक्त वास. वापराला परवाना कशाच्या आधारे द्यायचा हे ठरवायला वेळ लागेल, आणि तो वेळ रुग्णांकडे नाही.

चिकित्सक : वेळ नाही म्हणूनच पहिले पाऊल साधे हवे. रायपूर असो, नागपूर असो की पुणे, भाजलेल्या रुग्णाचा कल्चर रिपोर्ट हातात घेतला तर त्यावर वीस-बावीस प्रतिजैविकांची नावे असतात आणि प्रत्येकापुढे जिवाणू संवेदनशील की प्रतिरोधक हे लिहिलेले असते. त्याच रुग्णाच्या जखमेवर रोज चांदी लावली जात असते. त्या यादीत चांदी नसते. कोणत्या मात्रेपलीकडे जिवाणूला चांदी-प्रतिरोधक म्हणायचे, याची जगमान्य सीमा अजून ठरलेली नाही.